देठाकडची चकती

बनारसच्या आमच्या घरात दुधीचा जो तिखट केक व्हायचा, तो माझ्या आईचा होता. हे आधीच लिहून टाकते, कारण गेल्या वर्षी एका लग्नात आमच्या जुन्या गल्लीतली एक बाई भेटली आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "तुझ्या मोठ्या काकूच्या हातचा तो केक अजून आठवतो गं." माझ्या हातात जिलबीचं ताट होतं. ते तिच्या डोक्यावर पालथं घालावं असं मला मनापासून वाटलं. पन्नाशी उलटून गेली, केस पिकले, गुडघे बोलायला लागले, पण हा राग काही पिकला नाही. अजून कच्चा, हिरवागार आहे. लोक म्हणतात, वयाबरोबर माणूस क्षमा करायला शिकतं. शिकत असेल बाई, मला तो धडा कुणी दिला नाही.

मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. खालच्या मजल्यावर काकांचे यात्रेकरू उतरायचे. सातारा, नगर, नाशिककडची माणसं श्राद्धाला, गंगापूजनाला यायची आणि त्यांचे विधी काका सांगायचे. मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर, देवघर आणि काका-काकूंची खोली, त्याच्या वर आम्ही, म्हणजे आई, बाबा आणि मी. बाबा बँकेत होते. सकाळी सायकल काढायचे ते दिवेलागणीला परत, त्यामुळे घरात दिवसभर काय शिजतं हे त्यांना ताटात पडल्यावरच कळायचं. घर मोठ्या काकूच्या आवाजावर चालायचं. पहाटे ओल्या लुगड्यानं न्हाणीतून निघायची आणि "शिवू नका रे, बाजूला व्हा" करत देवघरापर्यंत जायची. खाली गल्लीत सांडाला हाकलणारे लोक तेच करायचे, फक्त हिंदीत. माझी मैत्रीण मला विचारायची, "तोहार चाची केसे लड़त हईं?" मी म्हणायची, कुणाशी नाही गं, ती नुसती चालतेय.

माझी आई बडोद्याची. तिकडच्या मराठी घरांतून हांडवा सर्रास होतो, तोच तिनं इकडे आणला. यात्रेकरूंना नाव ठाऊक नसायचं, ते म्हणायचे "तिखट केक", मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, तुरीची डाळ आणि मूठभर उडीद यांचं रवाळ पीठ आंबट ताकात भिजवून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्यात किसलेला दुधी, आलं-मिरचीचं वाटण, हळद, गुळाचा खडा, वरून मोहरी-तिळाची खमंग फोडणी. ओव्हन कुठला आणि दिवसभर वीज तरी कुठली! आईनं पलीकडच्या तीरावरची रेती धुऊन, वाळवून एका जाड बुडाच्या पातेल्यात भरली होती. रेती तापली की त्यात तिवई, तिवईवर पिठाचा डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. हळूहळू तिळाचा वास जिन्यानं खाली उतरायचा, आणि खालच्या म्हाताऱ्या जपाची माळ हातात घेऊन मधल्या मजल्यावर काहीतरी विचारायला यायच्या. वरची साल कुरकुरीत, लालसर, आत मऊ आणि दुधीनं ओलसर. उन्हाळ्यात गंगा आटली की पलीकडच्या रेतीवर मल्लाहांचे, म्हणजे नावाड्यांचे, वेल पसरायचे आणि कोवळे, लवदार दुधी होडीतून घाटावर यायचे. त्या दोन-अडीच महिन्यांत हा केक आमच्याकडे सारखा व्हायचा.

दुधी हातात घेतला की आई एक गोष्ट कधी चुकवायची नाही. देठाकडची एक पातळ चकती कापायची, तोंडात टाकायची, नीट चावायची, आणि मगच किसणीला हात लावायची. दुधी वरून कसा आहे यावरून आतून कळत नाही, एखादा कडू निघतो, आणि कडू दुधी पोटात गेला तर माणूस आडवा होतो, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. पण आमच्या घरात जे रांधलं जायचं ते आधी देवाला दाखवायचं आणि देवानं खाल्ल्याशिवाय कुणी जिभेला लावायचं नाही. मीठसुद्धा अंदाजानं. कमी पडलं तर पंगतीत वरून घ्यायचं. आई शिजलेलं कधीच चाखायची नाही. कच्ची चकती वेगळी कापून खाल्ली तर उरलेला दुधी उष्टा कसा होईल, असं तिचं साधं म्हणणं होतं, आणि कित्येक वर्षं ती गुपचूप तसंच करत आली होती.

त्या उन्हाळ्यात काकूनं ते पाहिलं. मला विचाराल तर ती आधीपासूनच जाणून होती, नुसती वेळेची वाट पाहत होती. कारण आदल्याच दिवशी साताऱ्याच्या एका वृद्ध बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "धाकट्या बाईंच्या हाताला काय चव आहे हो!" काकूचा चेहरा तेव्हा असा झाला होता की मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी पंगत बसलेली, पहिला भात वाढून झालेला, केकची परात घेऊन आई दारात आलेली, आणि काकू कडाडली. "थांब! वाढू नकोस ते! चाखलंस तू, मी पाहिलंय डोळ्यांनी. देवाआधी तुझ्या जिभेला चव? यात्रेला आलेल्या माणसांना उष्टं खायला घालतेस?" आई म्हणाली, "जाऊबाई, चकती वेगळी कापली होती, बाकीच्या दुधीला माझे ओठसुद्धा लागले नाहीत." "मनानं उष्टं झालं ना!" काकू म्हणाली. त्या साताऱ्याच्या बाईंनीच पानावर आडवा हात धरला. बिचाऱ्या करणार काय, आयुष्यभराचं पुण्य जोडायला आल्या होत्या. आईच्या हातातली परात काकूनं काढून घेतली आणि गाईला घालायला गल्लीत पाठवली. मग आईच्या देखत चुलीपुढची जमीन गंगाजलानं धुऊन काढली, जणू तिथे कुणी मेलं होतं. "आजपासून चुलीशी मी. तू वाटण-घाटण बघ, भांडी बघ."

काका पानावरच बसलेले होते. वेद मुखोद्गत, पण तोंडातून एक शब्द निघाला नाही. रात्री बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊ दे गं, दोन दिवसांत निवळेल." बाबांच्या आयुष्यात सगळं दोन दिवसांत निवळायचं. आई काही बोलली नाही. पाट्याशी बसून वाटायची, भांडी घासायची आणि वर येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. मला तिचं ते गप्प बसणं काकूच्या ओरडण्यापेक्षा जास्त झोंबायचं. मी अठरा वर्षांची, कॉलेजात जाणारी, जिभेला हाड नसलेली. मी म्हणायची, "आई, तू बोल ना तिला!" ती म्हणायची, "काय बोलू?" मी मनात ठरवलं, की आईला जिथून उठवलंय तिथे तिला परत बसवीन, आणि ज्या बाईनं उठवलं तिला सगळ्यांच्या देखत तोंडघशी पाडीन. देवाला मी तेव्हा रोज हात जोडायची, आणि काय मागायची ते देवालाच माहीत. परीक्षेचा निकाल तर नक्कीच नव्हे.

आणि मग कहर झाला. आठवड्याभरात काकूनं केक करायला घेतला. पीठ आईनं वाटलेलं, रेतीचं पातेलं आईचं, प्रमाण आईचं, आणि यात्रेकरूंना सांगणं काय, तर "हा माझा प्रकार हो, मीच बसवलाय." मी जिन्यात उभी होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की दाराची कडी हातात आली असती तर उपटून काढली असती. चव? चव बरी असायची, खोटं कशाला बोलू. वाटण शेवटी आईचंच होतं. पण काकू दुधी चिरायची ती मान उंच करून, मोठ्यानं स्तोत्र म्हणत, म्हणजे सगळ्यांना कळावं की हिचं तोंड देवाच्या नावानं भरलेलं आहे, त्यात चकतीला जागा नाही.

जेठाच्या, म्हणजे आपल्या ज्येष्ठाच्या, ऐन काहिलीत काकूचं माहेर आलं. तिचा थोरला भाऊ आणि भावजय, ग्वाल्हेरहून. हे लोक बरे खाऊनपिऊन सुखी होते आणि काकूचा जीव त्यांच्या शाबासकीत अडकलेला असायचा. दोन दिवस आधीपासून तिची लगबग. "वहिनी आल्यावर आवाज करू नका, वहिनींना हे आवडतं, वहिनींना ते चालत नाही." मला पहाटे घाटावर दुधी आणायला पाठवलं. त्या वर्षी ऊन भयंकर होतं, लू अशी सुटायची की पलीकडची रेती उठून अलीकडे यायची. दुलारी मल्लाहीण होडीच्या कडेला टोपली घेऊन बसली होती. तिनं दुधी माझ्या पिशवीत घातले आणि म्हणाली, "ए बिटिया, अबकी घाम बहुत हौ, बेल झुरा गइल. दू-चार ठे लौकी तीत निकलत हौ. अम्मा से कहिहा, चीख के बनइहें." उन्हानं वेल सुकलेत, काही दुधी कडू निघतायत, आईला चाखून करायला सांग. मी पायऱ्या चढता चढता ते वाक्य घोळवत राहिले. दुलारीनं मला दुधी दिले होते की हत्यार, ते मला वर पोचेपर्यंत कळलं होतं.

स्वयंपाकघरात काकू विळीवर बसलेली आणि समोर पाटावर ग्वाल्हेरच्या वहिनी, हातात पंखा. आई मागच्या कोपऱ्यात पाट्याशी. मला हे काकूच्या कानात सांगता आलं असतं. कानात सांगितलं असतं तर काकूनं पाठ फिरवून एक चकती खाल्लीही असती. सोवळं तिचं बघणाऱ्यांपुरतं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. म्हणून मी कानात सांगितलं नाही. मी दारात उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "काकू, दुलारी म्हणाली, यंदा काही दुधी कडू निघतायत. चाखून करा म्हणाली."

वहिनींचा पंखा थांबला. "अय्या वन्सं, तुमच्याकडे नैवेद्याचं चाखतात की काय?"

"छे छे, भलतंच काय!" काकू लाल झाली. "या घरात देवाआधी कुणी चाखत नाही हो. एक बडोद्याची खोड शिरली होती, ती मी मोडून काढली."

पाट्यावरचा आवाज बंद पडला. आई म्हणाली, "जाऊबाई, माझं एवढं ऐका. मी नको, तुम्हीच चाखा, पण एक चकती खाऊन बघा. उन्हाचे दिवस आहेत."

"तू तुझं वाटण वाट," काकू म्हणाली आणि किसणी पुढे ओढली.

मला नाचावंसं वाटलं. दोनदा सांगून झालं होतं, साक्षीदार बसलेला होता, आता जे होईल ते काकूनं स्वतःच्या हातानं किसलेलं. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत ओरडा नव्हता आणि कौतुकही नव्हतं, ती फक्त बघत होती. मग तिनं वरवंटा उचलला. रेती तापली, डबा आत गेला, झाकणावर निखारे आले, आणि तिळाचा तोच वास घरभर सुटला. वासाला कुठे कळतं आत काय आहे ते. वहिनी म्हणाल्या, "वा, वास तर सुरेख सुटलाय वन्सं," आणि काकू अशी खुलली, अशी खुलली, की तेवढ्यात मला एक क्षण तिची कीव आली. एकच क्षण.

नैवेद्य झाला. पानं मांडली. काका, ग्वाल्हेरचे मामा, वहिनी, आणि रविवार म्हणून बाबाही. काकूनं स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या पानावर केकची भलीमोठी वडी वाढली आणि कौतुक ऐकायला तिथेच उभी राहिली. आईनं मला आत ओढून दंडाला धरून ठेवलं होतं. "तू तोंडात घालायचं नाहीस," एवढंच कुजबुजली. मामांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या मिशा थांबल्या. काकांनी घेतला, डोळे मिटले, गिळावा की टाकावा हे काही त्यांना ठरवता येईना, कारण प्रसाद टाकायचा नसतो हे उभ्या जगाला तेच सांगत आलेले. वहिनींनी मात्र सरळ पानाच्या कडेला थुंकला. "वन्सं! अहो काय हे, जहर आहे नुसतं! काढा घातलाय की काय?"

"मेथी जास्त पडली असेल," काकू म्हणाली. केकात मेथी नव्हतीच. "एवढं काही नाही हो," म्हणत तिनं उभ्याउभ्या एक वडी उचलली आणि सगळ्यांच्या देखत पुरती खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, पण खाल्ली. आता मी आईच्या हातातून दंड सोडवून घेतला, परात उचलली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. किती दिवस मी याची वाट पाहिली होती! "काकू, आणखी वाढू? प्रसाद आहे. परत कसा ठेवायचा?" बाबा म्हणाले, "मंजू!" मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आणि त्या बाईनं, मानी तर ती होतीच, दुसऱ्या वडीला हात घातला.

ती वडी तिच्या तोंडात गेली नाही, कारण आईनं मनगट पकडलं. "टाका ते. सगळ्यांनी उठा, चुळा भरा, कुणी एक कण गिळू नका." एवढ्या वर्षांत आईचा असा आवाज त्या घरानं ऐकला नव्हता. काका आधी उठले. काकू न्हाणीपर्यंत कशीबशी पोचली आणि मग जी ओकायला लागली, ती थांबेचना. डॉक्टर आले, त्यांनी काहीबाही दिलं, संध्याकाळपर्यंत ती पांढरीफटक होऊन पडून राहिली. बाकीचे निभावले. आणि दुपारभर तिचं कपाळ धरून कोण बसलं होतं, तर माझी आई! तोंड पुसतेय, पाणी पाजतेय, लुगडं बदलतेय. माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू. एवढा डाव जमून आला, बाई स्वतःच्या तोंडानं सापडली, आणि ही तिची सेवा करत बसली! मी वर जाऊन रागानं रडले. मला वाटलं, माझी आई म्हणजे नुसता भात आहे, कुणीही कालवावा.

दिवेलागणीला काकांनी सगळ्यांना मधल्या मजल्यावर बोलावलं. काकू भिंतीला टेकून बसलेली, शेजारी वहिनी आणि मामा. काका घसा खाकरून आईला म्हणाले, "झालं ते झालं. उद्यापासून चुलीशी तू बस." बाबांच्या चेहऱ्यावर 'बघ, निवळलं की नाही' असं लिहिलेलं होतं. आईनं पदर सारखा केला. ती म्हणाली, "बसेन दादा. पण एक आहे. मी दुधी चाखायचा नाही. मी चाखला की देवाला उष्टं होतं, हे चारचौघांत सांगून झालंय. जाऊबाई सोवळ्यातल्या. तेव्हा दुधी चिरायला घेतला की देठाकडची चकती जाऊबाईंनी खायची, सगळ्यांच्या समोर. त्यांनी सांगितलं की मग मी किसणार. हे होणार असेल तर मी बसते, नाहीतर मी माझी चूल वर मांडते आणि यात्रेकरूंचं तुम्ही बघा."

  काकूनं नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "अगं, मग बरोबरच आहे की." दोन दिवसांनी नव्या यात्रेकरूंची पंगत होती आणि काकूला उठून बसायचंही त्राण नव्हतं. ती अगदी हळू म्हणाली, "खाईन." आई म्हणाली, "आवाज आला नाही, जाऊबाई." काकू पुन्हा म्हणाली, "खाईन म्हटलं ना!"

तेव्हा मला कळलं, की मी घातलेला घाव म्हणजे पोरखेळ होता. मला काकू एकदा कडू खाताना बघायची होती. आईनं तिला जन्मभराचं खायला लावलं. पुढचे सगळे उन्हाळे, माझं लग्न होऊन मी कानपूरला गेले तोवर आणि त्यानंतरही मे महिन्यात माहेरी यायची तेव्हा, मी ते बघितलं. काकू पुढे थकली, पलंगाला खिळली, तरी सुटली नाही. दुधी आला की आई चकती कापायची, वाटीत घालायची, पदरानं हात पुसायची आणि काकूच्या पलंगाशी जाऊन उभी राहायची. खाली यात्रेकरू असायचे, दार उघडं असायचं. काकू चकती तोंडात घालायची, दात नव्हते तरी चघळायची. आई थांबायची, मग मोठ्या, गोड आवाजात विचारायची, "कडू आहे का हो, जाऊबाई?" आणि काकूनं "नाही, गोड आहे" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटल्याखेरीज ती तिथून हलायची नाही.